पाण्याचा जमाखर्च

जमाखर्च हा शब्द दुकानदाराच्या वहींतला. इतिहासाच्या भाषणांत तो कशासाठीं, असें आपणांस वाटेल. परंतु ज्या प्रदेशांत पाऊस वर्षांतून चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने त्याच्या शिलकीवर काढावे लागतात, त्या प्रदेशाचा इतिहास हा पुष्कळ अंशीं पाण्याच्या जमाखर्चाचाच इतिहास असतो. राजे आले आणि गेले, राज्यें बदललीं, भाषेवर नवे ठसे उमटले; पण ‘यंदा विहिरीला पाणी किती?’ हा प्रश्न कांहीं बदलला नाहीं. आज पर्यावरण हा शब्द लहानथोरांच्या तोंडीं आहे. सृष्टीला धक्का न लावतां रोजचें जिणें कसें जगावें, याचे पाठ शाळांतून दिले जातात. मला येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं, नांदेड आणि लातूर येथील घरांना हा पाठ नवा नाहीं. एके काळीं तो आमच्या मोरींत आणि परसांत रोज गिरवला जात होता. मध्यंतरीं आम्ही तो विसरलों, आणि २०१६ सालीं काळानें तो आमच्याकडून फार कठोरपणें म्हणवून घेतला.

प्रथम या दोन गांवांची प्रकृति पाहूं. नांदेड हें गोदावरीच्या कांठचें गांव. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं जेथें देह ठेवला तें हजूर साहिब येथलेंच. पाणी पाहावयाचें असेल तर नांदेडकरानें घाटाच्या पायऱ्या उतराव्यात. लातूरचें तसें नाहीं. मांजरा नदी जिल्ह्यांतून वाहते खरी, पण शहर तिच्या कांठीं नसून वरच्या माळावर वसलें आहे. त्यामुळें लातूरकराला पाणी एक तर जमिनींतून वर ओढावें लागलें, नाहीं तर दुरून आणावें लागलें. १९४८ पर्यंत दोन्ही गांवें निजामाच्या राज्यांत होतीं. लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ सालीं झाला. त्यापूर्वीं तो उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, या जिल्ह्याचा भाग होता.

दोहोंच्या पायाखालचा खडक मात्र बहुतेक एकच. कोट्यवधि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून उसळलेल्या तप्त रसाचे थरावर थर बसून हा काळा पाषाण झाला. नांदेडच्या आग्नेयेस देगलूरच्या बाजूला ग्रॅनाइट लागतो, पण तोही तितकाच कठीण. असा दगड वाळूप्रमाणें पाणी पीत नाहीं. पाऊस मुरतो तो वरच्या मुरमांत आणि दगडाच्या फटींत. लातूरकडे वर्षाचा पाऊस सरासरीनें ८०० मिलिमीटरच्या आसपास असतो, नांदेडकडे त्याहून कांहींसा अधिक. म्हणजे येथें आवक अगदींच थोडी नाहीं; तिजोरी मात्र लहान आहे. आणि तिजोरी लहान असलेल्या घरानें हात राखून खर्च करावा, हें कोणीं शिकवावें लागत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं ही गोष्ट ओळखली होती. नांदेड जिल्ह्यांतील कंधार हें राष्ट्रकूटांच्या काळांतलें नामांकित नगर. तेथें सांपडलेल्या त्या काळच्या शिलालेखांत ‘जगत्तुंगसमुद्र’ अशा नांवाच्या जलाशयाचा उल्लेख आहे. जगत्तुंग हें नांव राष्ट्रकूट कुळांत एकाहून अधिक पुरुषांनीं धारण केलें होतें. ते पुरुष गेले, त्यांचे वाडे भुईसपाट झाले, पण तळें जगत्तुंग सागर या नांवानें आजही ओळखलें जातें. हजार वर्षांनंतर ज्याचा उपयोग लोकांना सांगतां येतो, अशीं राजांचीं कामें फार थोडीं असतात. कंधारच्या किल्ल्याभोंवतीं पाण्याचा रुंद खंदक आहे. तो शत्रूस अडविण्यासाठीं होता हें उघड आहे. पण असें सांठविलेलें पाणी हळूहळू भूमींत झिरपतें आणि आसपासच्या विहिरींना ओल पुरवितें, हाही त्याचा गुण. लातूरजवळच्या औशाच्या किल्ल्यांत तर तळ्याच्या तळाखालींच एक दालन बांधलेलें आहे. त्याला जलमहाल म्हणतात. वर पाणी आणि खालीं माणसाची बैठक. वैशाखाच्या उन्हांत वीज न जाळतां गारवा मिळविण्याची ही युक्ति तेव्हांच्या गवंड्याला अवगत होती.

परंतु किल्ल्यांपेक्षां घरांतल्या मोरीचा इतिहास मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणीं लिहून ठेवलेला नाहीं. ज्या घरांत आडाचें पाणी पोहऱ्यानें शेंदावें लागे, किंवा नदींतल्या वाळूंत झिरा उकरून वाटीवाटीनें घागर भरावी लागे, त्या घरांत पाण्याला एकच जन्म नसे, तीन असत. पहिल्या जन्मीं तें पिण्याला व स्वयंपाकाला लागे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलें पाणी गुरांच्या पुढें जाई. तो दुसरा जन्म. न्हाणींतलें पाणी पन्हळीनें परसांत उतरे आणि तेथें केळ, अळू, कर्दळ त्यावर पोसली जाई, तो तिसरा. भांडीं घांसावयाचीं तीं चुलींतल्या राखेनें, म्हणजे विसळण्यास थोडें पाणी पुरे. पंगतीला पळसाच्या पत्रावळी. जेवणें झालीं कीं त्या उकिरड्यावर जात आणि वर्षाच्या आंत त्यांचें खत होऊन शेतांत परत येई. माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या छपरामुळें आंत गारवा राही. यांपैकीं कशालाही त्या माणसांनीं मोठें नांव दिलें नव्हतें. पाणी मोजून आणलेलें असे, म्हणून तें मोजून खर्च होई, इतकेंच.

येथें मला एक इशारा दिला पाहिजे. जुनें तें सर्व सोनें, असें जो म्हणेल त्यानें ही वही पुरती वाचलेली नाहीं. तिच्या दुसऱ्या बाजूस काय लिहिलें आहे तेंही पाहूं. दहाबारा लिटरची घागर म्हणजे दहाबारा किलोचें ओझें. तें ओझें कोणाच्या डोक्यावर होतें? घरांतल्या सुनांच्या आणि लेकींच्या. ज्या काटकसरीचें आपण कौतुक करतों, तिची किंमत त्यांनीं मानेनें व कमरेनें भरली. दुसरें असें कीं, पाणवठा सर्वांचा नव्हता. गांवाच्या विहिरीला हात लावण्याचा अधिकार एका मोठ्या समाजाला नाकारलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तें केवळ तहान भागविण्यासाठीं नव्हे. पाण्याच्या वहींतला तो जुना अन्याय खोडण्यासाठीं. तिसरी गोष्ट रोगाची. पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाय बुडवून पाणी भरत, आणि त्यांतून नारूचा रोग पसरे. पायांतून हातभर लांबीचा जंत बाहेर येण्याचा तो छळ ज्यांनीं सोसला, त्यांना बारवेच्या सौंदर्याविषयीं व्याख्यान देऊं नये. पायऱ्या बुजविल्या, पाणी गाळून पिण्याची संवय लागली, हातपंप आले, तेव्हां हा रोग हटला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. तेव्हां नळ आणि पंप यांनीं आमच्यावर उपकारच केले आहेत. प्रश्न आहे तो वेगळा. नळानें ओझें उतरविलें तें उत्तम झालें. पण ओझ्याबरोबर हिशेबही उतरला काय?

हा प्रश्न मनांत ठेवून मागच्या पन्नास वर्षांकडे पाहूं. माझ्या पिढीनें १९७२ चा दुष्काळ बालपणीं पाहिला. परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, पोरांना वांटली जाणारी सुकडी, आणि खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा या आमच्या पिढीच्या स्मरणांतून जाणार नाहींत. त्या कामांतून रस्ते झाले तसे पाझर तलावही झाले. वि. स. पागे यांच्या विचारांतून आलेली रोजगार हमी योजना याच दिवसांत वाढली आणि १९७७ सालीं तिला कायद्याचें रूप मिळालें. त्या दुष्काळांत अन्नाची टंचाई भयंकर होती, पण उथळ विहिरींनीं बहुतेक ठिकाणीं घोटभर पाणी तरी दिलें, असें जुनीं माणसें सांगतात. त्यानंतर विंधनविहिरीचें युग आलें. आपल्या मराठवाड्यांतील जालना येथें मिशनच्या मंडळींनीं मजबूत हातपंप घडविला. सोलापुरास त्यांत सुधारणा झाली. आणि त्याच वंशांतला ‘इंडिया मार्क टू’ पंप पुढें जगांतल्या कितीतरी गरीब देशांत पोंचला. ही अभिमानाची गोष्ट आहे. हातपंप मात्र माणसाच्या दंडाइतकेंच पाणी काढी. पुढें त्या छिद्रांत विजेचा पंप उतरला, आणि दंड थकण्याची मर्यादा नाहींशी झाली. खडकाच्या खोल फटींत अनेक वर्षें मुरत मुरत सांचलेलें पाणी एका उन्हाळ्यांत उपसूं लागलों. ही मुदलाला हात घालण्याची सुरवात होती.

त्याच काळांत मोठीं धरणें झालीं. जायकवाडीची कोनशिला १९६५ सालीं लालबहादुर शास्त्रींनीं बसविली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. नांदेडजवळ विष्णुपुरीचा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या जलाशयाला शंकररावजी चव्हाणांचें नांव आहे. नांदेडच्या सार्वजनिक जीवनांतून पुढें आलेल्या या गृहस्थांनीं धरणें बांधण्याचा ध्यास जसा घेतला, तसाच धरणाचें पाणी आठमाही पिकांना द्यावें, बारमाही पिकांनीं तें गिळूं नये, असाही आग्रह धरला होता. तिकडे मांजरेवर धनेगांवचें धरण झालें, आणि लातूर शहराची तहान त्यावर भागूं लागली. त्याच खोऱ्यांत साखर कारखाने उभे राहिले. ऊसानें शेतकऱ्याच्या हातांत रोख पैसा दिला, त्यावर शाळा चालल्या, पक्कीं घरें झालीं. त्याला दोष देण्यापूर्वीं हें आठवावें. पण एक किलो साखरेमागें महाराष्ट्रांत शेतापासून सुमारें २,००० लिटर पाणी लागतें असा जाणकारांचा हिशेब आहे. जेथें पूर्वीं दवावर व ओलीवर शाळू पिके, तेथें वर्षभर पाणी मागणारें पीक आलें. बाहेर ऊस, घरांत सतत वाहणारा नळ, रस्त्यावर खोल विंधनविहिरी: तिन्हीं बाजूंनीं खर्च वाढला. जमेची बाजू मात्र तीच, आकाशाच्या मर्जीची.

मग २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे ओळीनें कोरडे गेले. मांजरेचें धरण आटलें. लातूर शहरांत नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत लांबत गेले. मार्च २०१६ मध्यें पाण्याच्या टाक्यांभोंवतीं तंटेबखेडे होऊं नयेत म्हणून जमावबंदीचें १४४ कलम लावावें लागलें. जें कलम दंग्याधोप्याच्या वेळीं लावीत असत तें पाण्यासाठीं लावावें लागलें, याहून या इतिहासांत लिहिण्याजोगें दुसरें काय असावें? अखेर कृष्णेचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणण्याचें ठरलें. तेलासाठीं वापरल्या जाणाऱ्या टांक्यांच्या वाघिणी राजस्थानांत कोटा येथें धुऊन स्वच्छ करण्यांत आल्या. १२ एप्रिल २०१६ रोजीं पहांटे पहिली गाडी सुमारें ३४० किलोमीटरची वाट चालून लातुरांत शिरली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली. तिच्या एका खेपेस सुमारें २५ लाख लिटर. या गाडीला ‘जलदूत’ असें नांव पडलें, आणि त्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत ती धांवत राहिली.

आतां शाळामास्तराच्या संवयीनें एक त्रैराशिक मांडतों. २०११ च्या शिरगणतींत लातूर शहराची वस्ती सुमारें ३ लाख ८३ हजार होती. २५ लाख लिटरांस तितक्या माणसांनीं भागिलें तर माणशीं साडेसहा लिटर येतात, म्हणजे अर्धी घागर. सबंध रेल्वे खातें, दोन जिल्ह्यांचे अधिकारी आणि शेंकडों मजूर राबले तेव्हां माणशीं अर्धी घागर पदरांत पडली. त्याच शहरांतलें एखादें जुनें शौचकूप एका झटक्यांत तितकेंच, किंबहुना अधिक पाणी वाहून नेतें.

आतां दुसरें त्रैराशिक. समजा, आपल्या घराची गच्ची १०० चौरस मीटर आहे. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावर ८० हजार लिटर पाणी उतरतें. पांचवा हिस्सा उडून व सांडून गेला असें धरलें तरी ६४ हजार लिटर उरतें. मिरजेहून आलेल्या एका वाघिणींत ५० हजार लिटर मावत. म्हणजे दर पावसाळ्यांत आपल्या प्रत्येकाच्या गच्चीवर एक वाघीण भरून सांडते, आणि आपण ती गटारींत सोडून देतों! पाऊस निम्मा झाला तरी ३२ हजार लिटर येतें. पांच माणसांच्या घराला तें वर्षभर रोज माणशीं सतरा लिटर पडेल. एवढी मोठी टांकी घरीं कोण बांधणार, असें कोणी विचारील. बांधूं नका. पहिल्या पावसाचें गढूळ पाणी वाहूं द्या, मग खडी, वाळू व कोळसा यांच्या थरांतून गाळून तें आपल्या विहिरींत किंवा विंधनविहिरींत सोडा. जमिनीच्या तिजोरींत तें आपल्या नांवें नाहीं, तरी आपल्या आळीच्या नांवें जमा होईल.

सांडपाण्याचेंही असेंच आहे. या बाबतींत नांदेड जिल्ह्यानेंच महाराष्ट्राला एक धडा घालून दिला. हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी या गांवीं घरोघर शोषखड्डे करण्यांत आले. घराच्या मोरीचें पाणी उघड्या गटारींत न सोडतां दगडगोट्यांनीं भरलेल्या खड्ड्यांतील भोंकें पाडलेल्या पिंपांत सोडावयाचें. गाळ खालीं बसतो, पाणी बाजूंनीं मुरून जातें. उघडें डबकें राहिलें नाहीं म्हणून डांसांना अंडीं घालण्यास जागा राहिली नाहीं, आणि मुरलेलें पाणी भूमीला मिळालें. हा नमुना पुढें जिल्ह्यांतल्या इतर गांवांनीं व बाहेरच्यांनींही उचलला. जुन्या परसांतल्या अळवाचें जें काम होतें, तेंच हें नव्या रीतीनें.

हें उदाहरण मी मुद्दाम दिलें, कारण शहरांतल्या माणसाची समजूत अशी असते कीं, नदीकांठीं राहणाऱ्यानें काटकसर कशाला करावी. नांदेडला पाणी आहे; पण शहराचें सांडपाणी नाल्यांवाटे ज्या गोदावरींत उतरतें, तिचेंच पाणी खालच्या गांवांना प्यावयाचें असतें. लातूरचा प्रश्न पाणी नसण्याचा, तर नांदेडचा प्रश्न असलेलें पाणी बिघडविण्याचा. नदीला गंगा म्हणून हात जोडावयाचे आणि तिच्यांतच निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी फेंकावयाची, हें भक्तीच्या कोणत्या पोथींत बसतें? महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पण कापडी पिशवी खुंटीवरून काढून बाजारास निघणें हें शासनाच्या हातचें नाहीं.

मग घरानें करावें तरी काय? फार मोठें कांहीं नाहीं. पाणी शुद्ध करण्याचें जें यंत्र आज घरोघर आहे, तें जितकें पाणी गाळून देतें त्याहून अधिक बहुधा मोरींत सोडतें. तें बादलींत धरून फरशी पुसावी. तोटी गळत असेल तर तिच्याखालीं मोजपात्र ठेवून पाहावें. मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे लहानशी वाटी, गळत असेल तर दिवसाला १४४ लिटर गेलें. पाहुण्याला पाणी द्यावयाचें तें तांब्याभांड्यांतून, म्हणजे त्यानें हवें तितकेंच ओतून घ्यावें. भरलेला पेला अर्धा पिऊन अर्धा फेंकण्याची रीत आपली नव्हे. ताटांत आठवड्यांतून चार वेळां तरी ज्वारीची भाकरी असावी, कारण शाळूला ऊसाच्या मानानें फार थोडें पाणी लागतें. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्याचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां आमच्या आज्यांची भाकरी जगाच्या दरबारीं जाऊन आली. आणि एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. ही काटकसर केवळ घरांतल्या स्त्रीच्या शिस्तीवर सोंपवूं नये. मागच्या वहींतली ती चूक आहे. बादली पुरुषानेंही उचलावी, आणि हिशेब मुलांनीं ठेवावा.

एका घराच्या बादलीनें दुष्काळ हटत नाहीं, हें मला मान्य आहे. शेतांत कोणतें पीक घ्यावें, धरणाचें पाणी कोणाला किती द्यावें, हे प्रश्न घराबाहेरचे, आणि तेच मोठे आहेत. पण जो नागरिक स्वतःच्या गच्चीवरच्या पाण्याचा आंकडा जाणतो, तोच धरणाच्या पाण्याचा आंकडा विचारूं शकतो. २०१६ सालीं लातूरकरांनीं वर्गणी काढून मांजरेच्या पात्रांतला गाळ उपसला. त्याच वर्षीं परतीच्या पावसानें धरण भरलें. पाऊस वर्गणीनें येत नाहीं, हें खरें. पण आलेल्या पावसाला जागा करून ठेवणें हें माणसाचें काम आहे, आणि कंधारच्या तळ्यापासून तें हजार वर्षें चालत आलें आहे.

म्हणून माझी एकच विनंती. पुढच्या मृगाच्या पहिल्या सरीला घरांतल्या एखाद्या मुलाला गच्चीवर सरळ कांठाचें एक भांडें ठेवावयास सांगा. दर पावसानंतर त्यानें पट्टीनें पाणी मोजावें आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तारखेपुढें आंकडा लिहावा. आश्विन संपला कीं बेरीज करावी. जमेचा आंकडा एकदां डोळ्यांपुढें आला, म्हणजे खर्चाचा आंकडा तें मूल आपण होऊन विचारील.